महाबळेश्वर–प्रतापगड परिसर

महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या माथ्यावर व त्यालगतच्या कोयना खोऱ्यात पसरलेला इतिहासप्रसिद्ध आणि निसर्गरम्य डोंगराळ प्रदेश. याच्या पूर्वेस वाई व कृष्णेचे खोरे, पश्चिमेस रायगड जिल्ह्यातील पोलादपूर आणि दक्षिणेस जावळीचे खोरे आहे. महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण (उंची सुमारे १,३७२ मी.) पुण्यापासून सुमारे १२० किमी. असून तेथून प्रतापगड रस्त्याने सुमारे २४ किमी. आहे. ही दोन्ही ठिकाणे प्रवासी सामान्यतः एकाच फेरीत पाहतात. तथापि ती दोन वेगळ्या दृष्टींनी घडलेली आहेत. प्रतापगड हा घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेला किल्ला. तर महाबळेश्वरची ‘पॉइंट’ या नावाने ओळखली जाणारी स्थळे ही त्याच घाटांचा आणि खोऱ्यांचा देखावा पाहण्यासाठी इंग्रजी अमदानीत निवडलेली. किल्ल्याची योजना या स्थळांवरून पाहिल्यासच नीट ध्यानात येते आणि या स्थळांवरून दिसणाऱ्या देखाव्याचा अर्थ किल्ल्यावर गेल्यावाचून उमगत नाही.

भूरचना : हा सर्व प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या काळ्या खडकाचा असून महाबळेश्वरच्या पठारावर त्यावर जांभा खडकाचे आवरण आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचल्याने कड्यांवर आडव्या पायऱ्यांसारखी रचना दिसते व दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचे पट्टे आढळतात. पठाराची पश्चिम कड कोकणाच्या बाजूस एकदम तुटलेली आहे. पूर्वेकडे मात्र उतार लांबच लांब सोंडांच्या रूपाने वाईकडे उतरतो. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या नद्यांचे उगम मानले जातात आणि तेथील गोमुखातून त्यांचे पाणी एकत्र पडते. यांपैकी सावित्री कड्यावरून कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळते, तर कृष्णेचे पाणी सारे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरास जाते. कोयनेचा मार्ग सर्वांत निराळा आहे. ती पठाराच्या पश्चिम अंगास उतरते, पण समुद्राकडे न वळता सह्याद्रीला समांतर अशी दक्षिणेस हेळवाकपर्यंत वाहत जाते आणि मग पूर्वेस वळून कऱ्हाडजवळ कृष्णेस मिळते. तिच्या या दक्षिणोत्तर चिंचोळ्या खोऱ्याचा वरचा भाग म्हणजेच ऐतिहासिक जावळी होय. पाऊस सरासरी ६०० सेंमी.च्या आसपास पडतो. केवळ १९ किमी. पूर्वेस असलेल्या पाचगणीस तो निम्म्याहूनही बराच कमी असतो. माथ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा इ. वृक्षांचे खुरटे पण दाट सदाहरित वन असून उतारांवर कारवी माजलेली असते.

इतिहास : जावळीचे महत्त्व तिच्या घाटांमुळे होते. महाड बंदरातून वर येणारा माल पार व हातलोट या घाटांनी वाईकडे जाई. आदिलशाहीच्या वतीने हा मुलूख ‘चंद्रराव’ हा किताब धारण करणाऱ्या मोरे घराण्याकडे वंशपरंपरेने होता. १६५६ च्या जानेवारीत छ. शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली आणि लगेच मोरोपंत पिंगळे यांच्याकडून पार घाटाच्या माथ्यावरील भोरप्या डोंगरावर प्रतापगड बांधून घेतला. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,०८० मी., म्हणजे महाबळेश्वरच्या पठारापेक्षा जवळजवळ ३०० मी. कमी आहे. अधिक उंच शिखरे जवळ असताना हाच डोंगर निवडण्याचे कारण उघड आहे : कोकणातून चढणारी आणि वाईकडून उतरणारी, अशा दोन्ही वाटा त्याच्या टप्प्यात येतात.

या निवडीची कसोटी तीन वर्षांतच लागली. विजापूरचा सरदार अफझलखान १६५९ मध्ये मोठ्या सैन्यानिशी वाईस येऊन राहिला. मोकळ्या मैदानात त्याच्याशी सामना देणे अवघड असल्याने महाराज प्रतापगडावर राहिले आणि वकिलांच्या बोलाचालींतून खानास जावळीत येण्यास राजी करण्यात आले. रडतोंडीच्या घाटातील रान तोडून त्याच्यासाठी वाट मोकळी करून देण्यात आली. मात्र परतीच्या वाटा रोखलेल्या होत्या. घोडदळ, हत्ती व तोफा यांचा या अरुंद, झाडीने भरलेल्या खोऱ्यात काहीच उपयोग नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी किल्ल्याच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत खान मारला गेला. तोफेचा इशारा होताच झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी पारजवळच्या त्याच्या फौजेचा धुव्वा उडविला. त्यानंतर अठरा दिवसांतच पन्हाळा मराठ्यांच्या हाती आला.

पेशवाईत प्रतापगडाचा उपयोग मुख्यतः राजकीय कैदी ठेवण्यासाठी व आश्रयासाठी झाला. सखारामबापू बोकील यांस १७७८ मध्ये येथे अटकेत ठेवले होते, तर १७९६ मध्ये नाना फडणीस यांनी येथे बळकट शिबंदी ठेवून स्वतः महाडचा रस्ता धरला. १८१८ मध्ये रायगडावर तोफांचा भडिमार झाला. प्रतापगड मात्र बोलणी होऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याची तटबंदी इतर अनेक किल्ल्यांच्या मानाने चांगली राहिली, याचे हे एक कारण आहे.

पठाराचा इतिहास याहून वेगळा आहे. क्षेत्र महाबळेश्वर हे प्राचीन तीर्थ. जिजाबाई व सोनोपंत डबीर यांच्या सुवर्णतुला महाराजांनी येथेच केल्या. जनरल लॉडविक हा १८२४ मध्ये येथे चढून आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून, खंडाळा हे गाव देऊन त्याच्या बदल्यात ही जागा घेतली व तेथे माल्कमपेठ वसविली. पुढे ती मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी बनली. मलायाच्या बाजूने आणलेल्या चिनी कैद्यांचा येथील तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. बटाटे व इतर भाजीपाल्याच्या लागवडीचे श्रेय या कैद्यांना दिले जाते. पावसाळ्यापूर्वी घरे गवताच्या तट्ट्यांनी झाकून सारी वसाहत खाली उतरत असे.

प्रेक्षणीय स्थळे : वसाहतीबरोबर कड्यांची नावेही बदलली. नाके खिंडीस मॅल्कमच्या मुलीवरून केट्स पॉइंट, सिंडोला टेकडीस (सु. १,४३५ मी.; पठारावरील सर्वांत उंच जागा) गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याच्यावरून विल्सन पॉइंट, तर मढीमहालास आर्थर मॅलेट या अधिकाऱ्यावरून आर्थर सीट म्हणू लागले. मकरंदगडाच्या जोडशिखरांमुळे इंग्रजांनी त्यास घोड्याच्या खोगिराची उपमा देऊन ‘सॅडलबॅक’ म्हटले. ज्या घाटाच्या चढणीने वाटसरूचे तोंड रडवेले होई, तो रडतोंडीचा घाटही त्यांच्या लेखी ‘रोटुंडा’ झाला. जुन्या नावांत वाट, पाणी किंवा चढण यांची खूण होती; नव्या नावांत ती राहिली नाही.

आर्थर सीटवरून सावित्रीच्या दरीचा उभा कडा व त्यापलीकडे कोकण दिसते. हवा स्वच्छ असल्यास रायगड व तोरणाही ओळखता येतात. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून सरळ वर चढत असल्याने येथे खाली टाकलेली हलकी वस्तू पुन्हा वर येते. प्रवाशांना याची मोठी मौज वाटते. त्यापायी दरीत साठणारा कचरा मात्र वर येत नाही. लॉडविक, एल्फिन्स्टन व बॉम्बे या पॉइंटांवरून कोयनेचे खोरे आणि त्यातील प्रतापगड दिसतो. येथून तो एखाद्या बुटक्या टेकाडासारखा भासतो व पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. पण खोऱ्याची रुंदी, दोन्ही बाजूंच्या भिंती आणि मधली पारची चिंचोळी वाट यांकडे लक्ष दिल्यास १६५९ ची सारी रणभूमी नकाशाप्रमाणे समोर उलगडते. पूर्वेकडे केट्स पॉइंटवरून धोमचा जलाशय व कमळगड दिसतात. कमळगडावर तटबुरूज जवळजवळ नाहीत; तेथे खडकात खोल खोदलेली ‘कावेची विहीर’ असून तिच्या भिंती गेरूमुळे तांबड्याभडक आहेत.

प्रतापगडास वाहन जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. या मार्गाने गेल्यास किल्ला पाहणे सोपे होते. मात्र तो दुर्गम का होता, हे कळत नाही. ज्यास सवड आहे त्याने पार गावाहून पायवाटेने चढावे. पार येथे रामवरदायिनीचे मंदिर व कोयनेवरील शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आहे. या वाटेवरून किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो बुरुजांच्या आड दडविलेला असून आत शिरताना शत्रूची बाजू तटावरील माऱ्याखाली येते. काही बुरुजांना बाहेरून दुसऱ्या तटाचे चिलखत आहे. किल्ल्याचे माची व बालेकिल्ला असे दोन भाग असून माचीवर १६६१ मध्ये स्थापिलेल्या भवानीचे मंदिर, तर बालेकिल्ल्यात केदारेश्वराचे मंदिर आहे. किल्ल्याखाली अफझलखानाची कबर आहे. बालेकिल्ल्यातील महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन त्या वेळी ऐन भरात होते आणि त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समितीने या परिसरात प्रचंड निदर्शने केली.

येण्यास ऑक्टोबर–नोव्हेंबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात गर्दी सर्वाधिक असते, परंतु धुरकट हवेमुळे दूरचे किल्ले क्वचितच दिसतात. त्या दिवसांत सूर्योदयानंतरचा पहिला तास साधावा.

सद्यःस्थिती : महाबळेश्वर–पाचगणी विभाग २००१ मध्ये पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि त्यामुळे बांधकाम व वृक्षतोड यांवर निर्बंध आले. तरीही वाहने, निवासगृहे आणि स्ट्रॉबेरीच्या शेतीसाठी लागणारे पाणी यांचा ताण वाढतच आहे. उतारांच्या नाजूकपणाचा प्रत्यय २०२१ च्या जुलैमध्ये आला. त्या महिन्यात येथे एका दिवसात सुमारे ५९ सेंमी. पाऊस पडला आणि दरडी कोसळून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद झाला. खोऱ्यातील अनेक गावांचे नित्याचे दळणवळणही याच घाटावर अवलंबून आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा सूचीत समावेश झाला, त्यांत प्रतापगड आहे. या नामाभिधानात भूप्रदेश हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण प्रतापगडाच्या बाबतीत तटाइतकाच खोऱ्यातील झाडीचा व घाटवाटांचा विचार केल्याशिवाय त्याच्या रक्षणास अर्थ राहत नाही.

जावळीच्या दक्षिण भागाचे रूप मात्र पूर्वीच पालटले आहे. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय तापोळ्यापर्यंत पसरला असून त्याखाली अनेक गावे गेली व तेथील लोक विस्थापित झाले. १८१८ मध्ये साताऱ्याच्या राजकुटुंबातील मंडळी आणि दोन इंग्रज अधिकारी ज्या वासोट्यावर कैदेत होते, त्या किल्ल्यास आता बामणोलीहून नावेने जावे लागते. तो कोयना अभयारण्यात असल्याने वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि दिवस मावळण्यापूर्वी परत फिरावे लागते.