बासेल मिशनची वसाहत आणि मालवणची कौले

स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक बासेल शहरात 1815 साली बासेल मिशन ही धर्मप्रसारक संस्था स्थापन झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1833 च्या सनदेने ब्रिटिशेतर मिशनऱ्यांना हिंदुस्थानची दारे उघडली आणि 30 ऑक्टोबर 1834 रोजी हेबिख, लेनर आणि ग्रायनर हे मिशनचे तिघे प्रचारक मंगलोरात पोहोचले. पुढे धारवाड, हुबळी, गदगजवळील बेटगेरी अशी ठाणी उभी राहिली.

नव्या ख्रिस्ती कुटुंबांना जात सोडताच पोटापाण्याचा धंदाही गमवावा लागे. त्यामुळे प्रार्थनाघराभोवती वस्ती, शाळा, छापखाना आणि विणकामाचे माग आले. त्यातूनच 1865 साली गेओर्ग प्लेब्स्ट याने मंगलोरात कौलांचा कारखाना काढला. ‘मंगलोरी कौल’ ते हेच.

ही कौले मालवणसह सिंधुदुर्गातही पोहोचली. तिथल्या घरांवर पूर्वी नळ्यांची कौले असत. माकडांनी ती हलवली की गळती सुरू, म्हणून पावसाळ्यापूर्वी दरवर्षी शाकारणी करावी लागे. यंत्रावर दाबलेल्या मंगलोरी कौलाच्या खाचा एकमेकींत बसतात आणि मागची खुंटी रिपेला अडकते. कोकणातल्या मुसळधार पावसाला याहून सोयीचे छप्पर तेव्हा क्वचितच होते.

कौलांप्रमाणेच मिशनचे छपाईतले कामही मोठे. याच मिशनच्या मोग्लिंगने 1843 मध्ये ‘मंगळूर समाचार’ हे पहिले कन्नड वृत्तपत्र काढले. मिशनच्याच किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 चा. परक्या भाषेसाठी इतके कष्ट घेणाऱ्या किटेलचे मोल मोठे आहे. पहिल्या महायुद्धात मिशनमधल्या जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध केले गेले आणि पुढे मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या संस्थेकडे गेले.