ऑर्केस्ट्राची धून पाचजणांच्या बँडवर कशी बसवायची? म्युझस्कोअरमध्ये मी केलेला प्रयोग

आमच्या ग्रुपमध्ये एक फ्लूट, दोन क्लॅरिनेट, एक अल्टो सॅक्स आणि एक युफोनियम. युफोनियमवाला दादा लग्नसराईत बँडबरोबर जातो, कार्यक्रमाला येईलच याचा भरवसा नाही. अशा ग्रुपसाठी असते 'फ्लेक्स' मांडणी. पार्ट चारच, पण प्रत्येक पार्ट दोन-तीन वेगवेगळ्या वाद्यांना वाजवता आला पाहिजे.

मी ग्रीगची 'मॉर्निंग' घेतली, 'पेअर गिंट' नाटकासाठी १८७५ मध्ये लिहिलेली. ग्रीग १९०७ मध्ये वारला, त्यामुळे मूळ रचना कॉपीराइटमुक्त आहे. स्कोअर आयएमएसएलपीवर फुकट मिळतो. (दुसऱ्याने केलेली मांडणी मात्र उचलू नका, तिचा हक्क वेगळा.) म्युझस्कोअरही फुकट आहे, पण मोबाइल ॲपवर फक्त बघता-ऐकता येतं; लिहायला कॉम्प्युटर लागतो.

पहिलीच गोची स्केलची. मूळ धून ई मेजरमध्ये, व्हायोलिनला सोपी. पण बी फ्लॅट क्लॅरिनेटला तीच वाचताना सहा शार्प येतात आणि अल्टो सॅक्सला चक्क सात! मग 'ट्रान्सपोज' वापरून सगळं अर्ध्या स्वराने खाली, ई फ्लॅटमध्ये आणलं. आता क्लॅरिनेटला एकच फ्लॅट, सॅक्सला काहीच नाही. एका क्लिकचं काम.

सुरुवातीला फ्लूट आणि ओबो आळीपाळीने धून वाजवतात. तो संवाद मी पार्ट एक आणि दोनमध्ये वाटला. एकालाच सगळं दिलं असतं तर मजाच गेली असती.

खरी फजिती पुढे झाली. व्हायोलिनचे लांबलचक स्वर मी जसेच्या तसे उतरवले, प्लेबॅक झकास वाजला. रिहर्सलला सॅक्सवाली तिसऱ्या ओळीलाच थांबली, "अरे, श्वास कधी घेऊ?" कॉम्प्युटरला दम लागत नाही ना! मग लांब स्वर पार्ट दोन आणि तीनमध्ये असे वाटले की एक श्वास घेईल तेव्हा दुसरा वाजवत असेल.

राहिला युफोनियम. मिक्सरमध्ये पार्ट चार म्यूट करून ऐकलं, तर सगळं पोकळ. म्हणून त्याच पार्टची दुसरी प्रत सॅक्ससाठी काढली. सॅक्स तेवढं खाली जात नाही, त्यामुळे तिथे स्वर एक सप्तक वर घेतले. पार्ट तीनला दुसरं क्लॅरिनेट होतंच.

कार्यक्रमाच्या दिवशी दादा वरातीत होता. सॅक्सवालीने दुसरी प्रत स्टँडवर लावली आणि आम्ही चौघांनी वाजवलं.