फोर-बाय-फोरवाले माळावर येऊन शिकतात तरी काय? ट्रॅक्टर-पिकअप चालवणाऱ्यांनीही वाचावं असं

शनिवार-रविवार आला की मुळशी, मावळ, भोर, वेल्हे भागात पुण्या-मुंबईकडच्या फोर-बाय-फोर गाड्यांचे ताफे दिसतात. थार, जिम्नी, जुन्या जीपा. क्लबची मंडळी माळावर तंबू ठोकून मुक्काम करतात आणि दोन दिवस चिखल, दगड, चढ-उतारावर गाडी चालवायला शिकतात. बघायला पोरंटोरं जमतात. पण गाडी रुतली की हाक गावातल्या ट्रॅक्टरलाच जाते. म्हणून तिथे काय शिकवतात, हे आपल्यालाही माहीत हवं.

फोर-बाय-फोर म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. त्यातलं एक चाक चिखलात गेलं की ते जागेवर गरागरा फिरतं आणि दुसरं गप्प बसतं. फोर-बाय-फोर गाडीत गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा किंवा बटण असतं.

• टू एच : दोन चाकांना ओढ. रोजचा डांबरी रस्ता.
• फोर एच : चारही चाकांना ओढ. ओली माती, वाळू.
• फोर एल : चारही चाकांना ओढ, वेग कमी पण जोर जास्त. खडा चढ, उतार, दगड. ट्रॅक्टरच्या लो गिअरसारखंच समजा.

दांडा टाकून चारही चाकं जोडणारी गाडी कोरड्या डांबरीवर फोर-बाय-फोरमध्ये चालवू नये. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, त्याचा ताण आतल्या गिअरवर येतो.

आणि सर्वात महत्त्वाचं : चार चाकांना ओढ मिळाली म्हणजे गाडी लवकर थांबते असं नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतो. गाडी चढून जाते, पण ओल्या उतारावर इतर गाड्यांसारखीच घसरते.

चढ-उताराचे नियम

• आधी खाली उतरून वाट पायी बघायची, मगच गाडी घालायची.
• चढावर एका वेळी एकच गाडी. पहिली वर पोचेपर्यंत दुसरी खालीच.
• गाडी अर्ध्या चढावर थांबली तर आडवी वळवायची नाही, उलटते. रिव्हर्स टाकून सरळ मागे यायचं.
• उतारावर पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.
• स्टीअरिंग धरताना अंगठा आत गुंतवायचा नाही. दगडाला चाक लागलं की स्टीअरिंग झटका मारतं.

चिखल-वाळूत टायरची हवा थोडी कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि पकड वाढते. साधारण ३० पीएसआय असेल तर २०च्या आसपास आणतात. डांबरीवर येण्याआधी मात्र हवा पुन्हा भरावीच लागते.

पुलावरून पाणी जात असेल तर?

इथे चांगले प्रशिक्षक एकच उत्तर देतात : थांबा. सुमारे १ फूट वाहतं पाणी लहान गाडी ढकलू शकतं आणि २ फूट पाणी मोठी जीपही वाहून नेऊ शकतं. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे का, हे दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूलच वाहून गेला आणि दोन एसटी बस पुरात गेल्या. पूलच नसेल तर फोर-बाय-फोर काय करणार?

रुतलेली गाडी ओढताना

सगळ्यात जास्त धोका इथे आहे.

• आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा, खाली दगड किंवा फळ्या घाला. निम्मं काम तिथेच होतं.
• दोर बंपरला नाही, चेसिसच्या हुकालाच लावा. बंपर उखडून गोळीसारखा येतो.
• ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाका. दोर तुटला तर त्याचा फटका कमी होतो.
• बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. दोर ओलांडून कुणी जायचं नाही.
• वायररोप किंवा साखळीला झटके देऊ नका, हळूहळू ताण द्या.

ट्रॅक्टरवाल्यांनी एवढं तरी पाळाच : दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकला किंवा एक्सलवर बांधला तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे चालकाच्या अंगावर उलटतो. हे इतक्या पटकन होतं की क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. पाहुण्याची गाडी उद्या निघाली तरी चालेल.

गावाने काय बघावं?

खासगी माळ असेल तर मालकाची, गायरान असेल तर ग्रामपंचायतीची आणि वनहद्द असेल तर वनखात्याची परवानगी लागते. ओढ्यातून गाड्या घातल्या की खालच्या वस्तीचं पाणी गढूळ होतं, हे आधीच सांगा. वाळल्या गवतात शेकोटी नको. प्लॅस्टिक सोबत परत न्यायला लावा, नाहीतर ते जनावरांच्या पोटात जातं.

आणि ताफा आलाच तर आणखी एक मागणी करायला हरकत नाही : पाऊस सुरू व्हायच्या आधी गावातल्या पिकअप-ट्रॅक्टर चालकांनाही तासभर हे सगळं करून दाखवा. माळ आपला आहे, तेवढा हक्क बनतोच.