डिस्क उचलत नाही

संपादकांनी सांगितलं होतं, दुरुस्तीवर तग धरून असलेल्या एखाद्या यंत्रावर लिहा. शिलाई मशीन, ट्रान्झिस्टर, मनगटी घड्याळ यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला प्लेस्टेशन टू आठवला. कितीतरी घरांत माळ्यावर पडलेल्या या काळ्या पेटीची तक्रार ठरलेली असते: दिवा लागतो, पंखा फिरतो, पण डिस्क उचलत नाही. मुंबईत ही तक्रार घेऊन लोक लॅमिंग्टन रोड गाठतात. मीही तिथेच गेले.

इतिहास थोडक्यात सांगते. सोनीने हे व्हिडिओ गेमचं यंत्र ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये बाजारात आणलं. २००४ मध्ये त्याची सडपातळ आवृत्ती आली. २०१३ च्या तोंडावर उत्पादन थांबलं, तोवर साडेपंधरा कोटींच्या आसपास यंत्रं विकली गेली होती. सिनेमाच्या डीव्हीडीही चालत असल्यामुळे अनेकांनी ते डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतलं. ‘डिस्क रीड एरर’ची कटकट मात्र सुरुवातीपासून होती. अमेरिकेत त्यावरून ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि शेवटी तो तडजोडीने मिटला.

मी ज्यांच्यापाशी बसले ते काका पन्नाशी ओलांडलेले आहेत. व्हीसीआरची हेडं साफ करण्यापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे सीडी प्लेअर आणि मग गेम. गिऱ्हाइकाने पेटी टेबलावर ठेवली की ते लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलत नाहीत. खणातून चार डिस्क काढतात. एक काळ्या पाठीची, पहिल्या प्लेस्टेशनची. एक निळ्या पाठीची, प्लेस्टेशन टूच्या सीडीवरचा खेळ. एक साधी चंदेरी डीव्हीडी. आणि चौथी ‘गॉड ऑफ वॉर टू’, दोन थरांची डीव्हीडी.

“ताई, अर्धं निदान इथेच होतं,” ते म्हणाले. “निळी चालते आणि चंदेरी नाही, म्हणजे डीव्हीडीच्या बाजूला गडबड. उलट असेल तर सीडीच्या बाजूला. चारही अडल्या, तर आधी धूळ बघायची.”

यामागचं कारण साधं आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अवरक्त किरण लागतो. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एका लेझरने दगा दिला तरी दुसरा व्यवस्थित काम करत राहतो. चौथ्या डिस्कची गोष्ट वेगळी. साधी डीव्हीडी किरणाचा जवळपास निम्मा किंवा त्याहून जास्त प्रकाश परत पाठवते, तर दोन थरांच्या डिस्कमधला एकेक थर जेमतेम १८ ते ३० टक्के. थकलेली लेन्स अडते ती आधी तिथेच. बाकीचे खेळ सुरळीत चालतात आणि नेमका आवडता मोठा खेळ बंद पडतो. गिऱ्हाईक डिस्कला दोष देतं.

मग झाकण निघालं. ट्रेच्या खाली दोन दांड्यांवर सरकणारी एक छोटी गाडी आणि तिच्या मध्यावर निळसर चमकणारी लेन्स दिसली. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. पुढचा बराच वेळ मी दुसरं काही पाहिलं नाही.

डीव्हीडीवरच्या खुणांचे वेढे एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर असतात. म्हणजे एका मिलिमीटरात साडेतेराशेच्या आसपास वेढे. फिरताना डिस्क थोडी वरखाली डुलते, थोडी डावी-उजवीकडे सरकते, आणि तरीही किरणाचा ठिपका त्या वेढ्यावर टिकून राहावा लागतो. त्यासाठी लेन्स घट्ट बसवलेली नसते. केसासारख्या बारीक तारांवर ती तोललेली असते. बाजूला तांब्याची वेटोळी आणि चुंबक. वेटोळ्यातला प्रवाह बदलला की लेन्स वर, खाली किंवा बाजूला हलते.

किती हलायचं, हे तिला सांगतं कोण? परत आलेला प्रकाश चार भागांच्या एका संवेदकावर पडतो. वाटेत एक वक्र काच अशी ठेवलेली असते की अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल पडतो. डिस्क जवळ आली तर तो एका तिरक्या दिशेने लंबगोल होतो, लांब गेली तर दुसऱ्या. समोरासमोरच्या भागांवर पडलेल्या उजेडातला फरक मोजायचा आणि तेवढा प्रवाह वेटोळ्यात सोडायचा. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. गोल आणि लंबगोल यांच्या फरकातून अंतर ओळखायची ही युक्ती मला या सगळ्या पेटीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पडद्यावरची चित्रं कितीही देखणी असोत, ती या ठिपक्यानंतर येतात.

काकांची कामाची पद्धतही या नाजूकपणाला धरूनच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेला कापसाचा बोळा लेन्सवरून ते स्वतःच्या वजनानेच फिरू देतात, दाबत नाहीत. मग दांड्यांवरचं घट्ट झालेलं जुनं ग्रीस पुसून नवं अगदी पातळ लावतात. वाळलेल्या ग्रीसमुळे गाडी बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि खेळ दरवेळी ठरावीक जागी अडकतो. असं यंत्र लेन्स न बदलता बरं होतं. त्यानंतर येतं आधीच्या, जाड्या मॉडेलमधलं पांढरं दातेरी चाक. लेन्सचा कल ठरतो त्यानेच. फिरवण्याआधी काका मार्करने त्याच्या मूळ जागेवर खूण करतात, आणि एकेक दात सरकवून चारही डिस्क पुन्हा लावून बघतात.

लेन्सच्या पट्टीवर दोन बारीक ट्रिमर आहेत, एक सीडीचा आणि एक डीव्हीडीचा. ते फिरवले की लेझर जास्त जोर लावतो आणि मेलेलं यंत्र टेबलावरच जिवंत होतं. काका त्यांना हात लावायला सहसा तयार नसतात. लेझर जुना झाला की तेवढ्याच प्रकाशासाठी त्याला जास्त प्रवाह लागतो. त्यावर आणखी भार टाकला की उरलेलं आयुष्य झपाट्याने संपतं. “गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि लवकरच परत येतं,” ते म्हणाले. झटपट दुरुस्तीच्या नावाखाली किती चांगल्या लेन्स अशा जाळल्या गेल्या असतील, या विचाराने मला वाईट वाटतं.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. लेन्स खरोखरच गेली असेल तर नवी कुठून आणायची? मूळ कारखान्यातला माल आता बनत नाही. सोनीने जपानमध्येही या यंत्राची दुरुस्ती २०१८ मध्ये बंद केली. बाजारात मिळतात त्या बहुतेक नकला, नाहीतर जुन्या यंत्रांतून काढून पुसून विकलेल्या लेन्स. काही नकला छान चालतात, काही निळी डिस्क वाचतात आणि चंदेरी नाही, आणि काहींच्या तारा इतक्या सैल की लेन्स एका बाजूला कललेली. पाकिटावरून यातलं काहीच कळत नाही.

नव्या लेन्सवर आणखी एक सापळा असतो. स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून पट्टीवरचे दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जोडून पाठवलेले असतात. बसवल्यावर तो थेंब काढावा लागतो. न काढता यंत्र चालू केलं तर लेझर पेटतच नाही, आणि उत्तम माल खराब म्हणून टाकून दिला जातो.

सडपातळ मॉडेलची दुखणी निराळी. त्याचं झाकण वरून उघडतं, त्यामुळे लेन्स उघडी पडते आणि पोरांची बोटं थेट तिच्यावर. पावसाळ्यातली दमट हवा आणि रस्त्यावरची धूळ कुठलंच मॉडेल सोडत नाही. लेन्सच्या खाली किरण वळवणारा छोटा आरसा असतो. त्याच्यावर धूळ बसली की बोळा तिथे पोचत नाही आणि वरून चकचकीत दिसणारी लेन्स काही केल्या वाचत नाही.

लेन्सला बगल देण्याचा मार्ग आहेच. खेळ हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि तिथूनच चालवायचे. जाड्या मॉडेलमध्ये त्यासाठी मागे जागाही आहे. ज्याला फक्त खेळायचं आहे त्याच्यासाठी हे उत्तम, आणि काकाही त्याला तेच सुचवतात. पण हार्ड डिस्कवर घेण्यासाठीही मूळ डिस्क आधी कुठेतरी नीट वाचली जावी लागते. २००९ मध्ये भारतात बनलेले ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि विटीदांडू, कबड्डी, पतंगबाजीचा ‘देसी अड्डा’ हे प्लेस्टेशन टूचे खेळ डिस्कवरच आले होते. डिस्क सांभाळून ठेवल्या आणि त्या वाचणारं यंत्र मात्र जाऊ दिलं, तर निम्मंच काम झालं.

म्हणून विनंती आहे. घरात असं बंद पडलेलं यंत्र असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. दुरुस्तीला टाकाल तेव्हा ट्रिमरला हात शेवटी लावायला सांगा. लेन्स बदललीच तर जुनी परत मागून घ्या. तिचा लेझर संपला असला तरी तारा आणि वेटोळी मूळ कारखान्यातली असतात, आणि तसे सुटे भाग आता जुन्या यंत्रांतूनच मिळतात.