चेहऱ्याचे सीरम : घटकांवरून तुलना

सीरम म्हणजे एक किंवा अधिक क्रियाशील द्रव्ये असलेला पातळ द्राव होय. दोन सीरमांची तुलना रंग, सुगंध किंवा किंमत यांवरून करता येत नाही. त्यासाठी वेष्टनावरील घटकांची यादीच वाचली पाहिजे.

भारतातील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांनुसार १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने छापले जातात. त्याहून अल्प घटक त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. ही सीमारेषा ओळखण्याची एक सोपी खूण आहे. फेनॉक्सिएथेनॉल हे परिरक्षक सामान्यतः १ टक्क्याहून अधिक वापरले जात नाही. एखादे द्रव्य यादीत त्याच्या खाली आढळले, तर त्याचे प्रमाणही तेवढेच किंवा त्याहून कमी असते. मग बाटलीवर त्याचे नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो.

तथापि, अल्प प्रमाण म्हणजे निरुपयोगी द्रव्य, असे मात्र नव्हे. निआसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, डाग फिके करण्यासाठी साधारणतः २ ते ५ टक्के लागते. त्यामुळे ते यादीत वरच असावयास हवे. याउलट, १९३४ साली कार्ल मायर व जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतील द्रवातून वेगळे केलेले हायलुरॉनिक आम्ल अल्प प्रमाणातही पाणी धरून ठेवते. रेटिनॉल तर इतके प्रभावी आहे की, युरोपीय संघाने २०२४ साली चेहऱ्याच्या प्रसाधनांत त्याची मर्यादा ०.३ टक्के ठरविली. गर्भवती स्त्रियांनी ते टाळावे.

यादीतून न कळणाऱ्याही काही गोष्टी आहेत. क जीवनसत्त्वाचे शुद्ध रूप, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, त्वचेत शिरण्यासाठी द्रावाचा पीएच ३.५ हून कमी असावा लागतो. शिवाय हवा व प्रकाश यांमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन द्राव तपकिरी होतो. अशा वेळी १५ टक्के हा आकडा केवळ कागदावरच उरतो. म्हणून पारदर्शक बाटलीपेक्षा गडद व घट्ट झाकणाची बाटली बरी.

सारांश, घटकांची संख्या मोजण्यापेक्षा द्रव्याचे रूप, त्याचे प्रमाण आणि त्याचा टिकाऊपणा या तीन गोष्टी पडताळाव्यात. त्या समान असतील, तर महाग बाटली घेण्याचे कारण उरत नाही.