मूठभर धान्याचा वाढदिवस

लहान मुलाचा वाढदिवस जवळ आला की घरातील वडील माणसांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : खर्च किती करावयाचा आणि कोणाकोणाला बोलवावयाचे. तिसरा एक प्रश्न सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो असा, की बोलावलेल्या मुलांपैकी कोणते मूल हातात भेटवस्तू नाही म्हणून घरीच बसून राहील? खेड्यातल्या शाळेत सर्व मुले एकमेकांना ओळखतात. एखाद्या घरी शहरातून आणलेला केक कापला जातो, रंगीत कागदात गुंडाळलेल्या पेट्या एकीवर एक रचल्या जातात, आणि रिकाम्या हाताने आलेले मूल दाराच्या चौकटीशी घोटाळत राहते. पुढल्या वर्षी ते येतच नाही. पोट दुखते असे सांगते. हे दुखणे पोटाचे नसते, हे आईला कळते. पण तिला बोलता येत नाही. घरच्या घरी, एखादे सूत्र धरून साजरा केलेला वाढदिवस हा या दुखण्यावर सोपा उपाय आहे. मात्र ते सूत्र विचारपूर्वक निवडले पाहिजे.

सूत्र धरणे म्हणजे सजावट, खेळ, खाऊ आणि निरोप या सर्वांत एकच कल्पना गुंफणे. ही रीत परकी वाटली तरी मराठी घरांना ती नवी नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण करतात, त्यात हेच असते. मुलाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने चढवतात, आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे त्याच्या डोक्यावरून ओततात. जमलेली मुले तो खाऊ वेचतात. पोशाख, खेळ आणि खाऊ तिन्ही त्या ऋतूतून आलेले असतात. दुकानातून फारसे काही आणावे लागत नाही आणि कोणाला भेटही द्यावी लागत नाही.

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण तालुक्यात, हैदराबाद–सोलापूर महामार्गावर राजेश्वर हे गाव आहे. हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, नंतर तो म्हैसूर राज्यात आला, आणि त्या राज्याला 1973 मध्ये कर्नाटक हे नाव मिळाले. या पट्ट्यात एकाच गल्लीत कानडी, मराठी आणि उर्दू ऐकू येते. भाषा तीन असल्या तरी सर्वांच्या घरात धान्य एकच : ज्वारी, तूर, हरभरा, हुलगा, करडई. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, गावेच्या गावे शेतात जेवावयास जातात. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पूजा मांडतात, आणि भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे आल्यागेल्यालाही वाढतात. त्या दिवशी शेत असणारा आणि नसणारा एकाच पंगतीला बसतो. इथल्या चारपाच वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला ‘शेत’ याहून चांगले सूत्र शोधावे लागणार नाही.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू करावी. प्रथम निमंत्रण. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मुलाने स्वतः कणीस काढावे, मग ते कसेही निघो. त्याखाली मराठीत व कानडीत, आणि गरज असेल तेथे उर्दूतही, एकच ओळ लिहावी : येताना घरातील एक मूठ धान्य आणावे, दुसरे काही आणू नये. या एका ओळीत सगळ्या समारंभाचे मर्म आहे. मूठभर धान्य प्रत्येक घरात असते, आणि सावकाराच्या मुलाची मूठ मजुराच्या मुलाच्या मुठीहून मोठी नसते. पाहुणे थोडे असावेत. मुलाचे जेवढे वय तेवढे पाहुणे, फार तर एकदोन अधिक, हा संकेत अनेक देशांत पाळतात आणि तो शहाणपणाचा आहे. मोठ्या घोळक्यात लहान मूल बावरते आणि आपल्याच वाढदिवशी रडू लागते.

दुसरे काम मातीचे. उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल करून पूजतात, त्यामुळे हे कसब बहुतेक घरांत ठाऊक असते. निव्वळ काळी माती वाळताना आक्रसते आणि तडकते. ती चाळून तिच्यात बारीक वाळू व थोडे भुस मिसळावे, बैल मुठीएवढेच करावेत आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळू द्यावेत. पाहुण्यांच्या संख्येहून दोनतीन अधिक करावेत, कारण काही शिंगे मोडणारच. रंगासाठी गेरू, हळद, कोळशाची पूड आणि पांढऱ्यासाठी खडूची पूड पुरे. चुना मुलांच्या हाती देऊ नये. तो डोळ्यात गेल्यास इजा करतो. ज्वारीच्या चिपाडांच्या गाड्या मोठ्या भावंडांनी कराव्यात. चिपाडाची साल पात्यासारखी कापते, म्हणून ती सोलण्याचे काम लहानांकडे देऊ नये.

समारंभ दीड तासाचा असावा, दोन तासांहून अधिक नसावा. दुपारची झोप झाल्यावर साडेचारची वेळ ठीक. मुले एकाच वेळी येत नाहीत. म्हणून पहिले काम असे असावे की ते केव्हाही सुरू करता यावे. प्रत्येकाने आल्याबरोबर एक बैल घेऊन रंगवीत बसावे. सगळे जमले की अंगणात खडूने एक मोठे शेत आखावे, त्याचे वाफे पाडावेत, आणि ज्याने त्याने आपली मूठ आपल्या वाफ्यात पसरावी. पांढरी ज्वारी, तांबूस तूर, तपकिरी हुलगा, शुभ्र करडई यांची रांगोळी आपोआप उमटते. सजावट म्हणून एवढे पुरे.

मग नावांचा खेळ. वडील माणसाने धान्याचे मराठी नाव घ्यावे आणि मुलांनी कानडी नाव सांगत त्या वाफ्याकडे धावावे. ज्वारी म्हणजे जोळ, तूर म्हणजे तोगरी, हरभरा म्हणजे कडले, हुलगा म्हणजे हुरळी, करडई म्हणजे कुसुबे. पुढच्या फेरीत नाव कानडीत घ्यावे. शाळेत एका भाषेत मागे पडणारे मूल येथे दुसऱ्या भाषेत पुढे असते, आणि हे सोबत्यांसमोर सिद्ध होणे हीच त्याला मिळालेली मोठी भेट ठरते.

खाऊही शेतातलाच. चुरमुऱ्यांचा सुशीला, केळे, आणि गूळ घालून केलेला सांजा. सांजा वाटीत दाबून ताटलीत उपडा केला की कडब्याची गंज दिसते; तिच्या टोकाला एक काडी खोवावी. ज्यांना मेणबत्ती हवी त्यांनी ती लावावी. वाढदिवसाला मेणबत्त्या लावण्याची चाल जर्मनीत अठराव्या शतकापासून आढळते. ज्या घरी औक्षण करतात त्यांनी निरांजन लावावे. ज्या घरी प्रार्थना म्हणतात त्यांनी ती म्हणावी. पाहुणी मुले निरनिराळ्या धर्मांची असतील तर आईने आधीच त्यांच्या घरी विचारून घ्यावे. विचारले म्हणजे कोणाचा मान जात नाही.

काही सावधगिरी अवश्य पाळावी. पाच वर्षांच्या आतील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते. बोरांच्या बियांनाही हाच नियम. लहान मुले दाणे नाकात-कानात घालतात. म्हणून शेताजवळ एक मोठे माणूस सतत बसलेले असावे. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे चुकूनही वापरू नये. धान्य स्वयंपाकघरातलेच हवे. एरंडी आणि गुंज ही बीजे दिसावयास सुंदर पण विषारी असतात. एखाद्या मुलाने ती आणलीच तर त्याला न रागावता बाजूला काढावीत.

हातची वस्तू कमी दर्जाची, असे ज्यांना वाटते त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी शिक्षणसाधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून तेथे दगड, पाने, शिंपले, बिया आणि काटक्या यांपासून साधने केली गेली. मुलाच्या परिसरातील वस्तू मुलाला शिकवू शकते, हे या बायकांनी आदिवासी पाड्यांवर दाखवून दिले. जे शिक्षणाला लागू पडते, ते आनंदालाही पडते.

वाढदिवस हिवाळ्यात येत नसेल तर सूत्र बदलावे. पावसाळ्यात परातीतल्या पाण्यावर कागदी होड्या, दिवाळीच्या सुमारास बीदरच्या किंवा बसवकल्याणच्या किल्ल्याची मातीची प्रतिकृती, चैत्र-वैशाखात जत्रा. नियम मात्र तोच राहावा : पाहुण्याने आणावयाची वस्तू अशी असावी की ती कोणत्याही घरी मिळेल, आणि ती सर्वांच्या वस्तूंत मिसळून एक चित्र व्हावे.

निरोप देताना प्रत्येक मुलाच्या हाती त्याने रंगवलेला बैल द्यावा. अंगणातील धान्यातून एकेक चिमूट घेऊन फुटक्या घमेल्यात माती भरून पेरावी, आणि उरलेले पाखरांना टाकावे. केक दुसऱ्या दिवशी संपतो. घमेल्यातले कोंब आठवडाभरात वर येतात. आणि शाळेतून येताजाता मुले दाराशी थांबून आपला कोंब कोणता हे ओळखण्याचा प्रयत्न करतात. चौकटीशी घोटाळणारे ते एक मूलही त्यांत असते. आता मात्र त्याला आत येण्यास कारण असते, कारण त्या घरी त्याचे काहीतरी उगवत असते.