पान्यावर उभं राहू नका

टायर बदलून झाला की दुकानातला पोरगा पान्यावर पाय देऊन उभा राहतो आणि वरून एक झटका देतो. कोल्हापुरात कुठेही पाहा, हेच. ‘आता हलत नाही बघा,’ म्हणतो, आणि गिऱ्हाईकही निर्धास्त होतं.

हिशेब करू. बहुतेक छोट्या मोटारींच्या नटाला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. सत्तर किलोचा माणूस ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला, की नटाला पावणेतीनशे मिळतात. झटक्याचा जोर वेगळाच.

नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे येऊ पाहतो. त्या ओढीनं रिम हबवर दाबली जाते. १२ मिलिमीटरच्या बोल्टला १०० न्यूटन-मीटर दिले, तर एकेका नटामागे हा दाब जवळपास चार टनांचा भरतो. चाक धरून ठेवतं ते या दाबातून येणारं घर्षण. आवळणं कमी पडलं तर रिम हबवर सूक्ष्म सरकू लागते, आणि अशा आडव्या हालचालीनं नट आपोआप सुटत जातो. हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली प्रयोगानं दाखवलं. जादा आवळलं तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे जातात, आणि तो पुढं कधीतरी रस्त्यात तुटतो.

आपण दिलेल्या पिळातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा आट्यांत आणि नटाखाली घासण्यात जातो. म्हणून पुस्तिकेत सांगितलं नसेल तर आट्यांना ऑईल लावू नये. घर्षण घटतं आणि तेवढ्याच पिळाला बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत शतांश मिलिमीटरवर भांडणारं हे गाव. त्याच गावात चाकाचे नट अंदाजानं आवळले जावेत, हे मला पटत नाही. हबवरचा गंज ब्रशनं काढावा, नट आधी हातानं बसवावेत, मग समोरासमोरचे आवळत जावेत आणि शेवट टॉर्क रेंचनं करावा. ठरवलेला पीळ भरून रेंच ‘कट्’ वाजला की थांबायचं.

तरीही रंग, गंज, धूळ दबून बसल्यावर ताण थोडा उतरतोच. त्यामुळं पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाक गार असताना, नट पुन्हा तपासावे लागतात. नटाभोवती तांबूस गंजाचे ओघळ दिसले तर तेवढीही वाट पाहू नये. नवे टायर टाकून कोकणात निघालात, तर गगनबावडा साधारण ५५ किलोमीटरवर येतं. करूळ घाट उतरण्याआधी तिथं थांबून, चाक गार झालं की रेंच लावा.